कच्च्या रेकॉर्डिंगची पक्की पकड

जानेवारी २०१४ मध्ये कुर्ला पश्चिमेच्या नावेद शेख नावाच्या पोराने यूट्यूबवर एक गाणं टाकलं, ‘आफत!’. आज त्याला सगळे नेझी म्हणून ओळखतात. तेव्हा त्याच्याकडे ना स्टुडिओ होता, ना कुठली कंपनी पाठीशी. बीट इंटरनेटवरून उतरवलेली, आवाज वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर रेकॉर्ड केलेला आणि व्हिडिओही त्याच आयपॅडवर, आपल्याच वस्तीत काढलेला. त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरमधल्या विवियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाइनचं ‘ये मेरा बॉम्बे’ आलं होतं. डिव्हाइन आधी इंग्रजीत रॅप करायचा. मग तो मुंबईच्या रस्त्यावरच्या हिंदीकडे वळला आणि तिथे त्याला त्याचा सूर सापडला.

हे दोघं काही कायमची जोडी नव्हेत. पण एप्रिल २०१५ मध्ये ‘मेरे गली में’ या गाण्यात ते एकत्र आले आणि ऐकणाऱ्यांच्या मनात त्यांची जोडीच बसली. संगीत दिल्लीच्या सेज ऑन द बीटचं होतं. एव्हाना सोनी म्युझिकसारखी मोठी कंपनी आली होती, तरी गाण्याचा खडबडीतपणा कुणी घासून काढला नव्हता. हा खडबडीतपणा हीच त्या गाण्यांची ताकद होती, असं माझं ठाम मत आहे.

ते का, हे कळायला यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावात तेव्हा गाणं कसं ऐकलं जायचं ते आठवा. जिओ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये. तोवर नेटपॅक पुरवून पुरवून वापरायचं. गाणी मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डात भरून आणायची, नाहीतर ब्लूटूथने दोस्ताकडून घ्यायची. अशी चार फोनांतून फिरून आलेली फाइल आणि ती वाजवायला फोनचाच इवलासा स्पीकर. बीटमधला खोल ठोका साधारण ५०-६० हर्ट्‌झचा असतो. तो या स्पीकरला वाजवताच येत नाही. त्याला झेपतो तो काहीशे हर्ट्‌झच्या वरचा पट्टा, म्हणजे नेमका माणसाच्या बोलण्याचा. लाखो रुपये ओतून केलेलं सिनेमाचं गाणं त्या स्पीकरवर निम्मं मरतं. ‘आफत!’सारखं गाणं मात्र जवळजवळ जसंच्या तसं पोचतं, कारण त्यात मुळात आवाजच पुढे आहे, बाकी सगळं त्याच्या मागे. बोलणारा अगदी कानाशी येऊन बोलतोय असं वाटतं.

आणि काय बोलणं ते! बीटला मिनिटाला ९० ठोके धरले, तर चार ठोक्यांचा एक बार पावणेतीन सेकंदांच्याही आत संपतो. सोळा बारचं कडवं जेमतेम ४३ सेकंदांचं. एवढ्याशा जागेत काय मांडायचं आणि काय गाळायचं यावर रॅपरची परीक्षा होते. नेझीचा आवाज पातळ, चाल झरझर. अक्षरांवर अक्षरं रचत तो ठोक्याच्या पुढे पळतो आणि यमकावर येऊन बरोबर सापडतो. डिव्हाइनचा आवाज जाड, छातीतून आलेला. तो शब्दांमध्ये मोकळी जागा ठेवतो, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य वजनदार पडतं. एकाच बीटवर हे दोन स्वभाव आळीपाळीने ऐकताना, दोन खरी माणसं खऱ्या नाक्यावर उभी आहेत यावर विश्वास बसतो. खंजिरीच्या ठेक्यावर शब्द फेकून माणसं जागी करणं वऱ्हाडाला नवं नाही, मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी ते गावोगाव केलं. त्यामुळे ठेक्यात बोललेलं ऐकायला इथल्या कानांना वेगळं शिकावं लागत नाही.

दुसरी गोष्ट पत्त्याची. कुर्ल्याचा पिनकोड ४०० ०७०, जे. बी. नगरचा ४०० ०५९. दिशा रिंदानी यांनी नेझीवर केलेल्या माहितीपटाचं नावच ‘बॉम्बे ७०’. आपण कुठले हे लपवायचं नाही, उलट सगळ्यात आधी तेच सांगायचं, हा या गाण्यांचा रिवाज. लहान गावातल्या मुलाला यात कुर्ल्याचं कौतुक नसतं. त्याला जाणवतं ते असं की आपल्या गावाचं नावही इतक्याच जोरात घेता येईल.

अमेरिकेतही हेच घडलं होतं. हिप-हॉप न्यूयॉर्कचं, १९७३ च्या ऑगस्टमध्ये ब्रॉन्क्समधल्या कूल हर्कच्या पार्टीपासून त्याचा इतिहास मोजतात. दक्षिणेकडच्या अटलांटाला तिथे कुणी मोजत नव्हतं. त्या अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीने, म्हणजे बिग बॉय आणि आंद्रे यांनी, आपली सुरुवातीची गाणी एका घराच्या तळघरात घडवली. १९९४ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये पुरस्कार घेताना प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली, तेव्हा आंद्रेने तिथेच माइकवरून दक्षिणेलाही काही सांगायचं आहे असं बजावलं.

आपल्याकडे मुंबई-पुण्याबाहेरून तसं बजावणारा आवाज अमरावतीतून आला. सौरभ अभ्यंकर, रॅपच्या दुनियेत ‘१००आरबीएच’. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटासोबत तो वाढला. याच गटाने २०१९ मध्ये आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह आरेच्या जंगलासाठी ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला आलेल्या ‘गली बॉय’ या सिनेमातल्या ‘इंडिया ९१’ गाण्यातही सौरभचा आवाज आहे, आणि २०२३ मध्ये तो ‘एमटीव्ही हसल’ या टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेतून घरोघरी पोचला. यवतमाळ-अमरावतीच्या पोरांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. कुर्ल्याची बोली ऐकून त्यांना हुरूप आला होता. आता त्यांच्याच भागातला माणूस मराठीत बोलत होता.

हे सगळं पहिल्यांदाच ऐकणार असाल, तर सिनेमापासून सुरुवात करू नका. ‘गली बॉय’मधलं ‘मेरे गली में’ रणवीर सिंगच्या आवाजासह नव्याने केलेलं आहे. चांगलं आहे, पण ते नंतर ऐका. आधी ‘आफत!’, मग ‘ये मेरा बॉम्बे’, मग २०१५ चं मूळ ‘मेरे गली में’. हेडफोन बाजूला ठेवा, फोनच्या स्पीकरवरच लावा, आणि मग १००आरबीएचकडे या.