मोबाईलवरची जाहिरात आणि सभासदाचा विश्वास
(न्हावा शेवा बंदराच्या अभ्यास सहलीनिमित्त)

सभासद बंधू-भगिनींनो,

गाळप हंगाम आटोपल्यावर, मार्चअखेरीस, आपल्या कारखान्यातर्फे सभासदांची एक अभ्यास सहल न्हावा शेवा बंदर परिसरात गेली होती. सहलीची व्यवस्था ऊस विकास विभागाकडे असल्याने आम्हीही बरोबर होतो. बंदराची हकीकत पुढे येईलच. पण या लेखाचा विषय निघाला तो बंदरावर नव्हे, तर घाट उतरताना बसमध्ये.

एका ज्येष्ठ सभासदांनी आपला मोबाईल आमच्यापुढे धरला. दोन पुरुष उंचीचा ऊस, त्यात उभा एक तरुण, हातात निळी बाटली. "एकरी दीडशे टन! खर्च फक्त एका बाटलीचा! आजच ऑर्डर करा, पहिल्या शंभर जणांना निम्मी किंमत!" मागच्या बाकावरचा गडी म्हणाला, "अरे, हीच आमच्याबी फोनवर आलीया." पुढच्यानेही तेच सांगितले. तेव्हा त्या ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "साहेब, आम्ही कुणाला पत्ता दिला नाही, पिकाची नोंद दिली नाही. मग आमच्या घरी ऊस हाय हे ह्या बाटलीवाल्याला कसं कळलं?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. त्याचे उत्तर प्रत्येक सभासदाला ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

जाहिरात आपल्याच घरी कशी येते?

पूर्वी खताची जाहिरात भिंतीवर रंगवली जायची, आकाशवाणीवर लागायची, नाहीतर बाजाराच्या दिवशी रिक्षावर भोंगा लावून फिरायची. ती ऊसवाल्यालाही दिसे आणि मास्तरलाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि वस्तीवस्तीवर मोबाईलवर व्हिडिओ पाहणे सुरू झाले. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आपण फुकट वापरतो. त्यांची कमाई मुख्यत्वे जाहिरातीची. जाहिरातदार त्यांना सांगतो, मराठी जाणणारे, अमुक जिल्ह्यातले, तमुक वयाचे, शेतीत रस असणारे लोक आम्हाला हवेत.

हा रस कसा कळतो? आपणच कळवतो. हुमणीचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, त्याची नोंद झाली. खोडव्यातल्या पाचटाविषयी काही शोधले, तीही झाली. बोट सरकवता सरकवता उसाच्या चित्रावर क्षणभर थांबले, तेसुद्धा टिपले जाते. पाटकरी जसा सरीचा उतार पाहून पाणी वळवतो, तसे हे यंत्र आपल्या मनाचा उतार पाहून जाहिरात वळवते. आणि एका ऊसवाल्याने ती पाहिली की त्याच्यासारख्या इतरांकडे ती जाते. आमच्या बसमध्ये तीन फोनवर एकच बाटली आली त्यात जादू काही नव्हती.

दुसरी नवी रीत म्हणजे माणसाच्या तोंडून जाहिरात. शेतकऱ्यासारखा दिसणारा, आपल्याच बोलीत बोलणारा कोणीतरी "मी स्वतः वापरलंय" असे सांगतो. अनेकदा त्याला त्याचे पैसे मिळालेले असतात. तसे असेल तर ते स्पष्ट सांगितले पाहिजे, असा दंडक फसव्या जाहिरातींविरुद्ध केंद्र सरकारने २०२२ साली केलेल्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण पाळतो कोण? त्यातून आता चेहरा आणि आवाजही बनावट करता येतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका मोबाईल खेळाची शिफारस करतो आहे असा व्हिडिओ फिरला. तो खोटा आहे हे खुद्द सचिनला जाहीर करावे लागले. सचिनचा चेहरा वापरता येतो, तर पाडेगाव केंद्राच्या एखाद्या शास्त्रज्ञाचा वापरायला काय अवघड आहे?

दीडशे टनांचा हिशेब बसमध्येच मांडला. एकरी चाळीस हजार पक्के ऊस आणि प्रत्येकाचे वजन दीड किलो, म्हणजे साठ टन. तेच वजन अडीच किलोवर नेले तर शंभर टन. दीडशे टनाला पन्नास हजार ऊस, तोही प्रत्येकी तीन किलोचा लागेल. बेणे, लागणीचे अंतर, बाळबांधणी, मोठी बांधणी, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या हे सारे बाजूला ठेवून एका बाटलीने हे कसे साधणार? हिशेब ऐकून बस हसली. पण त्यातल्या दोघांनी ती बाटली आधीच मागवली होती, हे आम्हाला खाली उतरल्यावर कळले.

बंदरावर काय पाहिले

न्हावा शेवा हे उरण तालुक्यातले बंदर २६ मे १९८९ पासून सुरू झाले. या भागातल्या शेतकऱ्यांची जमीन नवी मुंबईसाठी गेली. तिच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले. शेतकरी म्हणून तिथे पाऊल ठेवताना ही आठवण असावी.

एका निर्यातदाराच्या शीतगृहात द्राक्षांच्या पेट्या होत्या. प्रत्येक पेटीवर चिठ्ठी. तिथल्या माणसाने सांगितले, या चिठ्ठीवरून पेटी कोणत्या पॅकहाऊसमधून आली आणि कोणत्या शेतकऱ्याच्या कोणत्या प्लॉटमधली आहे, हे परदेशात बसून काढता येते. बागांची नोंदणी आणि फळांची रासायनिक अंशांसाठी तपासणी करणारी 'ग्रेपनेट' ही पद्धत अपेडाने २००६ साली सुरू केली. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश युरोपात आपल्या द्राक्षांत सापडले, माल अडकला आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर त्या रसायनाची तपासणीही होऊ लागली. पेटीवरचे चित्र कितीही सुंदर असो, प्रयोगशाळेचा कागद आणि प्लॉटचा नंबर नसेल तर माल पुढे जात नाही.

दुसरी गोष्ट कंटेनरची. प्रत्येक कंटेनरवर चार इंग्रजी अक्षरे आणि सात आकडे असतात. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अक्षर-आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो. लिहिताना एखादा आकडा चुकला की गणित जुळत नाही आणि बहुतेक वेळा चूक जागच्या जागी पकडली जाते. आमचे सभासद म्हणाले, "म्हंजे डब्याच्याच अंगावर तपासनीस बसवलाय की!"

तिसरी गोष्ट मात्र या सगळ्याच्या उलटी. २७ जून २०१७ रोजी याच बंदरातल्या एका टर्मिनलचे काम संगणकाच्या विषाणूने ठप्प झाले. मर्स्क या डेन्मार्कच्या कंपनीच्या समूहाकडे ते टर्मिनल होते. विषाणू पसरला तो युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या सुधारित आवृत्तीतून. तो प्रोग्राम ओळखीचा, रोजच्या वापरातला, म्हणून त्याला कोणी दारात अडवले नाही. कंपनीला ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले आणि नुकसानीचा तिचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलरचा होता. अनोळखी माणसाला आपण दारातच हटकतो. विश्वासातल्या हाताने आणलेले मात्र थेट माजघरात जाते.

आमची चूक

हे ऐकताना आम्हाला आमचेच एक प्रकरण आठवले. लाज वाटते, पण सांगतो.

तीन वर्षांपूर्वी असाच एका टॉनिकचा व्हिडिओ आमच्याकडे आला. खोडव्याला रासायनिक खताची गरजच नाही, असे त्यात म्हटले होते. सकाळच्या घाईत आम्ही तो गट कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुढे पाठवला. खाली "माहितीसाठी" एवढेच लिहिले. आमच्या मते ती शिफारस नव्हती. पण वाचणाऱ्याने वर नाव पाहिले, ते ऊस विकास अधिकाऱ्याचे.

एका सभासदाने दोन एकर खोडव्यासाठी ते टॉनिक मागवले. पैसे आगाऊ भरले. व्हिडिओवर विसंबून खताचा दुसरा हप्ता दिला नाही. आदल्या साली लागणीला एकरी बासष्ट टन पडले होते. खोडव्याला थोडी घट आपण धरतोच, पण तो एकदम एकतीस टनांवर आला. कंपनीचा फोन तोवर बंद झाला होता. पावती नव्हती, त्यामुळे तक्रारीलाही आधार राहिला नाही. त्या साली मुलीचे लग्न ठरले होते, ते एक वर्ष पुढे गेले.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते रागावले नाहीत. चहा दिला आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही पाठवलं म्हंजे खरं असणार, असं धरलं बघा." रागावले असते तर बरे झाले असते. ते वाक्य आम्हाला आजही झोपेत ऐकू येते.

न तपासता पुढे ढकललेला निरोप काय करतो याचे भयंकर उदाहरण आपल्या राज्यात घडले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पाठवण्यावर मर्यादा आणण्याचे जाहीर केले. पण खरी मर्यादा आपल्या अंगठ्यातच असली पाहिजे.

साधन वाईट नाही

परतीच्या आधी अटल सेतूवरून मुंबईकडे गेलो. हा सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला, तेव्हा लोक गाड्या थांबवून फोटो काढू लागले आणि पोलिसांना इशारा द्यावा लागला. आमच्या तरुण सभासदांनीही "पाच मिनिटं थांबवा, लाईव्ह करतो" असा धोशा लावला, ड्रायव्हरने दाद दिली नाही. पण ते फोटो एका दिवसात देशभर पोचले होते, हेही खरे. हे साधन शेतकऱ्याच्या हातात आले तर?

आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका भगिनी तीन वर्षे गूळ पावडर आणि काकवी इन्स्टाग्रामवरून पुण्या-मुंबईला विकतात. त्यांचा अनुभव उपयोगी आहे. पहिल्या वर्षी त्यांनी सजवलेल्या ताटाचे फोटो टाकले. वाहवा झाली, मागणी आली नाही. मग गुऱ्हाळाचेच व्हिडिओ टाकले. कढई, रानभेंडीच्या पाण्याने मळी वर येते ती, हायड्रॉस न घातल्यामुळे तांबूस राहिलेला गूळ. प्रत्येक पाकिटावर उसाची जात आणि गूळ केल्याची तारीख लिहिली. गिऱ्हाईक तिथून टिकले. पार्सल आल्यावर पैसे घ्यायच्या पद्धतीत बरीच पाकिटे परत आली, म्हणून नव्या गिऱ्हाइकाला आता लहान पाकीट देतात. काकवीच्या बाटल्या वाटेत गळाल्या, म्हणून झाकण बदलले. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटते, म्हणून जूननंतर फक्त पावडर. त्या म्हणतात, "जाहिरातीनं गिऱ्हाईक एकदा येतं, दुसऱ्यांदा ते गुळामुळंच येतं."

खाद्यपदार्थ विकायला अन्न सुरक्षा नोंदणी लागते, ती त्यांनी घेतली आहे. 'सेंद्रिय' हा शब्द प्रमाणपत्राशिवाय त्या लिहीत नाहीत. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपला गूळ तिथला नसेल तर ते नाव घेऊ नये. तोही खोटा नंबर लावलेला डबाच म्हणायचा.

सभासदांना नम्र विनंती

कंटेनरच्या शेवटच्या आकड्यासारखी आपणही एक तपासणी ठेवू या.

१) एकरी उत्पन्नाचा दावा दिसला की ऊस किती आणि वजन किती, हा हिशेब कागदावर मांडावा.

२) कोणाच्या शेतात, कोणत्या गावी, कोणत्या हंगामात प्रयोग झाला हे विचारावे. शेजारी न वापरलेला पट्टा होता का, तेही विचारावे.

३) जैव उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. बाटलीवर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, बॅच नंबर आणि नोंदणीचा उल्लेख पाहावा. पावतीशिवाय पैसे देऊ नयेत.

४) बेणे मोबाईलवरून मागवू नये. उत्तर प्रदेशात को ०२३८ या जातीने आधी भरभराट आणली आणि पुढे तीच लाल कूज रोगाला मोठ्या प्रमाणावर बळी पडली. बेण्याबरोबर रोगही प्रवास करतो. पाडेगाव, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट किंवा आपला बेणे मळा येथूनच बेणे घ्यावे.

५) फसवणूक झाल्यास लाजू नये. ग्राहक तक्रारीसाठी १९१५ आणि ऑनलाईन पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.

६) निळी बाटली घरी आली असेल तर सगळ्या रानात मारू नये. दोन सऱ्यांवर वापरावी, दोन सोडाव्यात आणि तोडणीला वजन करावे. आमचे शेती मदतनीस येऊन नोंद घेतील. फरक पडला तरी छापू, न पडला तरी छापू. बसमधले ते दोघे सभासद याला तयार झाले आहेत.

आणि एक नियम आम्ही स्वतःला लावून घेतला आहे. ऊस विकास विभागाकडून ग्रुपवर जाणाऱ्या प्रत्येक निरोपाखाली शिफारस कोणत्या संस्थेची, कोणत्या वर्षाची आणि खात्री कोणी केली हे नावानिशी असेल. ते नसेल तर निरोप आमच्या नावाने आला तरी मानू नका आणि आम्हाला फोन करून जाब विचारा. तो जाब विचारण्याचा हक्क सभासदाचा आहे.

एकतीस टनांवर आलेल्या त्या सभासदांनी यंदा पूर्वहंगामी लागण केली आहे, बेणे आपल्या मळ्यातले. परवा त्यांनी आम्हाला एका औषधाचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिले, "साहेब, आधी तपासा, मग बोलू."

आम्ही तपासतो आहोत.

जय सहकार!

आपला,
ऊस विकास अधिकारी