तिसरी पिन

गेल्या भाद्रपदांतील गोष्ट. आमच्या घरीं गणपतीचे पांच दिवस म्हणजे चारहि भावांच्या मुलांचा मेळावाच असतो. रोज रात्रीं आरती झाली कीं दिवाणखान्यांत घरच्या घरीं गायनवादन होतें. यंदा धाकट्या पुतण्यानें आपली विजेची गिटार व तिचा अ‍ॅम्प्लिफायर मांडला होता आणि शेजारीं माइक उभा केला होता. तालीम चालली असतां त्यानें गाण्यासाठीं तोंड पुढें केलें मात्र, आणि एकदम दचकून तो मागें सरला.

"काय रे, काय झालें?" मीं विचारलें.

"कांहीं नाहीं, काका. माइकला ओंठ लागले कीं मुंग्या येतात. कालपासून असेंच होतंय. सवय होईल."

थोरल्या वहिनींनीं तें ऐकतांच उठून भिंतीवरचें बटण बंद केलें. मीं अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढून पाहिला, तों त्याची वरची जाड पिन जागेवर नव्हती. करवतीनें कापलेली होती. चौकशी करतां उलगडा झाला. अ‍ॅम्प्लिफायर सारखा घुमत असे. म्हणून एका ओळखीच्या कारागिरानें ती पिनच काढून टाकली. घुमणें थांबलें व सर्वांना समाधान वाटलें. या समाधानाची किंमत काय पडूं शकते, हें वाचकांच्या नजरेस आणावें, एवढ्यासाठींच हा लेख.

पिनेचें काम

प्लगच्या तीन पिनांपैकीं दोहोंच्या वाटे वीज येते व परत जाते. तिसरी पिन मुद्दाम त्यांहून लांब व जाड केलेली असते. प्लग बसवितांना ती सर्वांआधीं टेकावी आणि काढतांना सर्वांशेवटीं सुटावी, हा त्यांतील हेतु. एरवीं तिला जवळजवळ कांहींच काम नसतें, आणि म्हणूनच ती निरुपयोगी आहे असा पुष्कळांचा समज होतो. तिच्यामागील हिरवी तार जमिनींत पुरलेल्या नळीपर्यंत अथवा पत्र्यापर्यंत जाते. जुन्या पद्धतींत त्याच्या भोंवतीं कोळसा व मीठ घालून उन्हाळ्यांत पाणी ओततात, हें अनेकांनीं पाहिलें असेल. यालाच आपण अर्थिंग म्हणतों.

गिटारवादकाचा या तारेशीं संबंध इतर कोणाहिपेक्षां निकटचा असतो. गिटारच्या तारांखालीं लोहचुंबकाभोंवतीं अतिशय बारीक तारेचे हजारों वेढे असतात. वाजविण्याची तार कंप पावली कीं त्या वेढ्यांत क्षीण विद्युत् उत्पन्न होते व अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवितो. बाहेरचा गोंगाट त्यांत शिरूं नये म्हणून या तारा केबलच्या बाहेरच्या जाळीमार्फत अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. म्हणजे इस्त्रीला आपला हात क्षणभर लागतो. वादक मात्र तासचे तास यंत्राचा सांगाडाच धरून बसलेला असतो, असें म्हटलें तरी चालेल.

अर्थिंग शाबूत असेल आणि आंतील फेजची तार सुटून सांगाड्याला लागली, तर प्रवाह हिरव्या तारेनें जमिनीकडे धांवतो, एकाएकीं वाढतो व फ्यूज उडतो. यंत्र बंद पडतें, माणूस वांचतो. परंतु पिन कापलेली असेल तर सांगाडा आणि गिटारच्या तारा २३० व्होल्टच्या दाबानें भारून राहतात, आणि कोणाला त्याची गंधवार्ताहि नसते. मग वादकाचा ओला ओंठ अर्थिंग असलेल्या माइकला लागतांच विजेला हातापासून तोंडापर्यंत, छातीमधून, वाट मिळते. याच्या उलटहि घडूं शकतें: गिटारचें अर्थिंग उत्तम, पण माइकच्या यंत्राचें तुटलेलें. धोका तोच.

आमच्या मुलाच्या यंत्रांत तार सुटलेली नव्हती. अलीकडील पुष्कळ यंत्रांत विजेंतील गोंगाट गाळणारे भाग असतात. त्यांतून अत्यल्प प्रवाह सांगाड्यावर येतो. त्याची जमिनीकडील वाट बंद झाल्यामुळें तो मुलाच्या ओंठावाटे जात होता. त्या मुंग्या म्हणजे अर्थिंग नसल्याचा निरोप होता, आणि निरोपाची सवय करून घेणें हें शहाणपण नव्हे.

आंकडे काय सांगतात

सुमारें १ मिलिअँपिअर प्रवाह शरीराला मुंग्यांसारखा जाणवतो. १० च्या आसपास स्नायु आखडतात व हातांतील वस्तु सोडूं म्हटलें तरी सुटत नाहीं. ५० ते १०० मिलिअँपिअर कांहीं क्षण छातींतून गेले तर हृदयाचे ठोके विस्कळित होऊन मृत्यु येऊं शकतो. घामेजलेल्या शरीराचा विरोध १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. आपल्या घरांतील १६ अँपिअरचा फ्यूज मात्र १६,००० मिलिअँपिअरपर्यंत स्वस्थ बसतो. तो तारांचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे.

याचीं उदाहरणें दुर्दैवानें इतिहासांत नमूद आहेत. 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदांतील गिटारवादक लेस्ली हार्वे ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वॉन्सी येथें रंगमंचावर असतां, अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला व तो तेथेंच गतप्राण झाला. वय अवघें २७. 'यार्डबर्ड्स' या प्रसिद्ध वृंदाचा गायक कीथ रेल्फ मे १९७६ मध्यें सदोष अर्थिंगची गिटार वाजवितांना, आणि तोहि स्वतःच्या घरीं, मरण पावला. तो ३३ वर्षांचा होता. हे दोघेहि नवशिके नव्हते.

घुमण्यावर खरा उपाय

आतां कोणी विचारील, मग तें घुमणें सोसावयाचें काय? मुळींच नाहीं. पुष्कळदां दोन यंत्रें निरनिराळ्या ठिकाणांहून वीज घेतात व त्यांच्या अर्थिंगच्या तारांचें केबलच्या जाळीशीं एक वेटोळें बनतें. घुमण्याचें कारण तें असतें. दोन्ही यंत्रांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी. तेवढ्यानें न भागल्यास सुरांच्या केबलमध्यें विलग करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असलेली पेटी घालावी. वादक तिला डी. आय. बॉक्स म्हणतात. वेटोळें तोडावयाचें तें सुरांच्या केबलमध्यें. विजेच्या प्लगमध्यें कदापि नाहीं.

घरांतील वडीलधाऱ्यांनीं आणखी चार गोष्टी पाहाव्या. भिंतींतील सॉकेटला तिसरें भोंक असलें म्हणजे त्यामागें तार असतेच असें नाहीं. जुन्या वाड्यांत ती नसण्याचा संभव अधिक. जाणत्या, परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग यंत्रानें मोजून घ्यावें. ३० मिलिअँपिअरची आर. सी. सी. बी. बसवावी. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत तेवढा फरक पडला कीं ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आंत वीज तोडते. उत्सवाच्या मांडवांत जमीन ओली असते व वीज पुष्कळदां जनित्राची असते; तेथें वाजविण्यापूर्वीं गिटारच्या तारा व माइकची जाळी यांमधील दाब व्होल्टमीटरनें पाहावा. तो दोनचार व्होल्टहून अधिक भरला, तर कार्यक्रम थांबवावा. आणि जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरची पेटी घरीं उघडूं नये. प्लग काढल्यावरहि आंत ४०० व्होल्टच्या वर दाब सांठून राहूं शकतो.

इतकें करूनहि कोणास धक्का बसलाच, तर त्याला हात लावूं नये. प्रथम मुख्य बटण बंद करावें. श्वास थांबला असल्यास छाती दाबण्याचा प्रथमोपचार ताबडतोब सुरू करावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आमच्या घरीं दुसऱ्या दिवशीं वायरमन आला. त्यानें अर्थिंग मोजलें, तें ठीक निघालें. मग नवा तीन पिनांचा प्लग बसविला. अपेक्षेप्रमाणें घुमणें परत आलें. अ‍ॅम्प्लिफायर व माइकचें यंत्र एकाच बोर्डावर घेतलें, आणि तें थांबलें. त्या रात्रीं पुतण्या माइकला ओंठ लावून मनमोकळा गायला. कापलेली पिन वहिनींनीं टाकूं दिली नाहीं. ती अजून बोर्डाशेजारच्या कोनाड्यांत ठेवलेली आहे. घरांत नवें यंत्र आलें कीं त्या आधीं त्याचा प्लग मागून घेतात आणि पिना मोजतात.