टकटक आली की थांबा

दुरुस्तीला आलेला लॅपटॉप मी आधी कानाशी धरतो. घरघर असेल तर बहुधा पंखा. मागचं झाकण उघडलं की जाळीपाशी धुळीचा जाड थर निघतो. ब्रशने झाडताना पातं बोटाने धरून ठेवायचं.

टकटक ऐकली की मात्र माझ्या पोटात गोळा येतो. लॅपटॉपमधल्या बहुतेक हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते. वाचणाऱ्या टोकाला जागा सापडली नाही, की ते पुन्हापुन्हा मागे येऊन टकटकतं. परवा एका काकूंच्या डिस्कवर नातवाच्या बारशाचे फोटो होते. अशा वेळी मशीन लगेच बंद करा, चालू करून बघत बसू नका. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ही टकटकही नसते.

चार्जर लावल्यावर बदलणारी बारीक शिट्टी बहुधा कॉइलची. तिने सहसा काही बिघडत नाही.