पडद्यावरचें अक्षर आणि कागदावरचें अक्षर

वडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वीं छापविलेल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ति काढावी, जपून ठेवलेली फाईल छापखान्याकडे धाडावी, आणि पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरें उमटावीं, अशी निराशा पुष्कळ कुटुंबांच्या वांट्यास येते. गिऱ्हाईक छापखान्याला बोल लावतें, छापखाना फाइलीला. खरें कारण मात्र दोघांच्याही हयगयींत नसतें.

संगणक अक्षर सांठवीत नाहीं; तो केवळ आंकडा सांठवितो. त्या आंकड्याला आकार देतो तो टंक, म्हणजेच फॉन्ट. युनिकोड या जागतिक संकेतांत ‘क’चा क्रमांक २३२५ असा कायमचा ठरलेला आहे. देवनागरी या संकेतांत १९९१ सालींच आली. परंतु छपाईसाठीं रूढ झालेल्या जुन्या मराठी टंकांत फार तर २५६ घरें असत, आणि कोणत्या घरांत कोणता आकार ठेवावयाचा हें ज्याचा तो निर्माता ठरवी. छापखान्यांच्या नित्य वापरांतील पेजमेकरला तर २००१ सालच्या अखेरच्या आवृत्तींतही युनिकोड अवगत नव्हतें. म्हणून जुना टंक हाताशीं नसला कीं मजकूर असूनही वाचतां येत नाहीं.

असा मजकूर युनिकोडमध्यें उतरवितां येतो. पण तेथेंही एक मेख आहे. जुने टंक चिन्हें दिसण्याच्या क्रमानें ठेवतात, युनिकोड उच्चाराच्या क्रमानें. ‘सर्व’ या शब्दांतला रफार लिहितांना ‘व’च्या माथ्यावर बसतो, उच्चारतांना मात्र ‘व’च्या आधीं येतो. हा फरक रूपांतरांत सांभाळला गेला नाहीं, तर ‘सर्व’चें ‘सवर्’ होतें. ऱ्हस्व वेलांटीही अशीच शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते.

यावर उपाय साधे आहेत. नवा मजकूर युनिकोडमध्येंच टंकित करावा. छापखान्याकडे पीडीएफ पाठवावी, व तींत टंक अंतर्भूत केले आहेत याची खात्री करावी. मग तेथें तो टंक नसला तरी पान जसेंच्या तसें उमटतें. रूपांतरित मजकुराचें प्रूफ कागदावर घेऊन मूळ पुस्तकाशीं शब्दशः ताडून पाहावें. रफार आणि वेलांटी यांवर विशेष नजर ठेवावी.

आणि मूळ छापील प्रत कधींही टाकून देऊं नये. फाईल मुकी झाली, तरी ती प्रत बोलत राहते.