बालदमा : औषधाची मात्रा कमी कधी करावी?

‘आता पोराला धाप लागत नाही, मग रोज पंप कशाला?’ असे म्हणून अनेक घरांत औषध परस्पर बंद होते. पुढे दिवाळीतला फटाक्यांचा धूर किंवा पहिली थंडी आली, की मूल पुन्हा रात्रभर खोकत उठून बसते.

दम्याच्या मुलाला बहुधा दोन पंप दिलेले असतात. साल्ब्युटामॉलचा, बहुतेक निळा, आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत मोकळ्या करतो. ब्युडेसोनाईड किंवा बेक्लोमेथासोनचा पंप नलिकांची आतली सूज उतरवतो. त्याचा गुण सावकाश येतो, म्हणून तो बिनकामाचा वाटतो. वास्तविक दमा आटोक्यात ठेवतो तो हाच!

त्याची मात्रा कमी करता येते, करावीही. दमा सुमारे ३ महिने आटोक्यात राहिला, तर डॉक्टर ती पाव ते निम्म्याने उतरवतात व पुन्हा ३ महिने पाहतात. सर्दी-खोकला चालू असताना किंवा गावाला जाण्याच्या तोंडावर असे करीत नाहीत. उलट निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागू लागला, तर मात्रा वाढवण्याचा विचार करावा लागतो. त्याआधी पंप रिकामा तर नाही ना, आणि औषध स्पेसरमधून नीट ओढले जाते ना, हे पाहावे.

तापाच्या औषधासारखा वजनाचा हिशेब येथे चालत नाही, कारण लहान मुलाच्या फुप्फुसात फवाऱ्यातील थोडाच अंश पोचतो. पंपाला भिऊन काही पालक पातळ औषध मागतात. त्याच्या ५ मिलिलिटरमध्ये साल्ब्युटामॉल साधारण २ मिलिग्रॅम असते, तर एका फवाऱ्यात ०.१ मिलिग्रॅम. हात थरथरणे, छाती धडधडणे हे त्या औषधाने अधिक होते.

उंचीची भीती मात्र अगदीच निराधार नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, लहानपणी ४ ते ६ वर्षे रोज ब्युडेसोनाईड घेतलेल्यांची उंची मोठेपणी सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. म्हणूनच दमा ताब्यात राहील अशी कमीत कमी मात्रा शोधायची असते. सतत धापणाऱ्या मुलाचे नुकसान याहून मोठे असते.

निळा पंप देऊनही आराम नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, बोलताना वाक्य पुरे होत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर तडक रुग्णालय गाठावे आणि वाटेतही निळ्या पंपाचे फवारे स्पेसरमधून देत राहावे.