सुईण ठरवताय? आधी हे विचारून घ्या

आरोग्य पान

दिवस भरत आले की वस्तीत हमखास निघणारा विषय म्हणजे, दवाखान्यात जायचे की घरीच सुईणीला बोलवायचे? पूर्वीइतकी घरची बाळंतपणे आता होत नाहीत. तरी पाटण-जावळीच्या डोंगरातल्या वाड्या, जत-आटपाडीतल्या लांबच्या वस्त्या, वीटभट्ट्या आणि ऊसतोडीचे फड इथे ही वेळ अजूनही येते. काही जणींना दवाखान्यातल्या तुसड्या बोलण्याची भीती वाटते, काहींना खर्चाची. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आपल्या समाजाला बाळंतपणाची किंमत कोणी सांगायला नको. माता भीमाई साताऱ्यातच गेल्या, १८९६ साली. बाबासाहेब हे त्यांचे चौदावे अपत्य. त्या चौदांपैकी मोजकीच मुले जगली. पुढे बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच मुलांपैकी एकटे यशवंतराव वाचले. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या बाळंतिणींचे हाल लिहून ठेवले आहेत. अनेक गावांत नाळ कापायचे काम आपल्याच आयाबायांकडे होते. त्यांच्या हाताने गावाची लेकरे जन्मली, पण त्याच हातांचा गावाला विटाळ झाला. त्या सुईणींच्या अनुभवाचा मान ठेवूनच पुढचे वाचा.

सुईण काय करू शकते, काय नाही

जाणती सुईण बाळंतिणीला धीर देते, कळा येताना पाठ-कंबर चोळते, चालते-फिरते ठेवते. सरळ चाललेल्या बाळंतपणात बाळ झेलण्याचे काम ती करू शकते. पण अंगावरून रक्त वाहू लागले तर ते थांबवायचे औषध, रक्ताची बाटली किंवा ऑपरेशन तिच्याकडे नसते. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव धडधाकट बाईचाही दोन तासांत जीव घेऊ शकतो, आणि तो कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच बाळंतपण दवाखान्यात व्हावे असे आरोग्य खाते सांगते.

सुईण, आशाताई आणि नर्सबाई यांतला फरकही ओळखा. गावची सुईण अनुभवाने शिकलेली असते. आशाताई सोबत करतात, नोंद ठेवतात, पण बाळंतपण करणे हे त्यांचे काम नाही. उपकेंद्राच्या नर्सबाई म्हणजे एएनएम, त्या शिक्षण घेतलेल्या आणि नोंदणी झालेल्या असतात. घरी बाळंतपणाची वेळ आलीच तर निदान नर्सबाईंना निरोप द्या.

घरी बाळंतपण मुळीच नको, जर…

पहिली खेप असेल, आधी सिझेरियन झाले असेल, जुळे असेल, बाळ आडवे किंवा पायाळू असेल, रक्तदाब वा साखर वाढलेली असेल, पायावर-चेहऱ्यावर सूज असेल, मागच्या खेपेला खूप रक्त गेले असेल, किंवा अंगात रक्त कमी असेल. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि ७ च्या खाली म्हणजे धोका. हे हाताने पोट चाचपून कळत नाही, तपासणीच लागते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ती चुकवू नका.

सुईणीला विचारायचे प्रश्न

- आतापर्यंत किती बाळंतपणे केली? अडले तेव्हा काय केले? ‘माझ्या हातून कधीच अडले नाही’ असे उत्तर आले तर सावध व्हा. जाणती बाई अडचण लपवत नाही.
- तपासणीचे कार्ड पाहणार का? कार्ड न बघता होकार देणारी नको.
- दवाखान्यात न्यायची वेळ कधी आली असे समजता? आणि सोबत येणार का?
- हात साबणाने धुणार, नवे ब्लेड आणि उकळलेला दोरा वापरणार ना? स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा आणि स्वच्छ कोरडी नाळ, या पाच गोष्टींनी धनुर्वात आणि जंतुसंसर्ग टळतो.
- पैसे, लुगडे-चोळी काय द्यायचे? आधीच बोलून घ्या, ऐनवेळी वाद नको.

हे करू देऊ नका

कळा वाढवायला घरी इंजेक्शन देणे फार घातक आहे. त्याने गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरू शकते. पोट दाबून बाळ ढकलणे, नाळेवर शेण, राख किंवा हळद लावणे, पहिला चीक पिळून टाकणे, बाळाला लगेच अंघोळ घालणे, बाळंतिणीला पाणी-अन्न तोडणे, हे सगळे बंद. बाळ कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीशी ठेवा आणि तासाभरात पाजा. बाळाच्या पहिल्या लसी राहू नयेत म्हणून २४ तासांच्या आत नर्सबाईंना दाखवा.

लगेच १०८ ला फोन

कळांआधीच रक्त जाणे, झटके, डोके फार दुखून अंधारी येणे, बाळाची हालचाल कमी होणे, हिरवट किंवा घाण वासाचे पाणी जाणे, १२ तास कळा देऊनही बाळ न होणे, अर्ध्या तासात वार न पडणे, कपड्यामागून कपडा भिजणे, बाळ न रडणे. यांतले एकही दिसले तर थांबू नका. सातारचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडचे वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय किंवा मिरजेचे शासकीय रुग्णालय, यांपैकी आपल्याला जवळचे कोणते आणि रात्री गाडी कोणाची, हे आठव्या महिन्यातच ठरवा.

खर्चाची भीती किती खरी?

१ जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. गाडीसाठी १०२ नंबर. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जातीच्या मातेला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. बौद्ध भगिनींनी जातीचा दाखला, आधार आणि बँक पासबुक आधीच तयार ठेवावे. कोणी पैसे मागितले तर पावती मागा आणि लेखी तक्रार करा.

आणि सुईण? तिला सोडायचे नाही. २०१६ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक बाई सोबतीला ठेवता येते. स्वतः बाळंतपण अनुभवलेली जाणती सुईण किंवा मावशी या कामाला उत्तम. ती हात धरून बसली की भीतीही जाते आणि तुसडे बोलणेही आवरते.

घरी बाळंतपण झालेच, तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जन्माची नोंद करा. शाळा आणि जातीचा दाखला, दोन्हींना ती लागते. आशाताई ४२ दिवस घरी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहतात, त्यांना बाळाचे वजन करू द्या.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला, आणि या खर्चाचा भार सरकारनेही उचलावा अशी भूमिका घेतली. १९२९ साली तो कायदा झाला. आज मिळणारी सेवा हा आपला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

वर्षावासात विहारात बायका जमतातच. त्यातली एक बैठक यासाठी द्या. वस्तीतल्या गरोदर भगिनींची यादी, १०२ आणि १०८ हे नंबर, आशाताईंचा फोन आणि रात्री गाडी देणाऱ्या दोन घरांची नावे विहाराच्या फलकावर लिहा.

जयभीम. नमो बुद्धाय.