विश्लेषण : ॲल्युमिना कारखान्यांच्या नळ्यांत थर का साचतो? तो काढतात कसा?

गिझरच्या कॉइलवर क्षारांचा थर चढला की पाणी तापायला वेळ लागतो आणि विजेचे बिल वाढते. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढणाऱ्या कारखान्यांतही हेच घडते. फरक इतकाच, की तिथे नळ्यांतून पाण्याऐवजी कढत कॉस्टिक सोडा वाहतो. कोल्हापूर जिल्ह्यातील बॉक्साइट वापरणारा बेळगावचा कारखाना असो की ओडिशातील दामनजोडीचा, या थराशी सर्वांनाच झुंजावे लागते.

थर कशाचा?

कार्ल जोसेफ बायर यांनी १८८७ ते १८९२ या काळात विकसित केलेल्या पद्धतीत बॉक्साइटची भुकटी कॉस्टिक सोड्यात १४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला शिजवतात. ॲल्युमिनासोबत बॉक्साइटमधील चिकणमातीची सिलिकाही विरघळते. पुढे ती सोडा आणि ॲल्युमिनाला सोबत घेऊन सोडियम ॲल्युमिनोसिलिकेटच्या रूपात पुन्हा घट्ट होते. तापमान वाढते तसा हा वेगही वाढतो. त्यामुळे हीटरच्या नळ्यांत थर लवकर धरतो.

नुकसान काय?

हा थर उष्णता अडवतो. तेवढेच तापमान गाठायला जास्त वाफ, म्हणजेच जास्त इंधन लागते. नळ्या अरुंद होतात आणि पंपांवर ताण येतो. शिवाय महागडा सोडा थरात अडकतो तो वेगळाच.

थर रोखता येतो?

बऱ्याच अंशी. बॉक्साइटचा रबडा आधीच मोठ्या टाक्यांत सुमारे १०० अंशांवर काही तास ठेवतात. सिलिका तिथेच, रबड्यातील कणांवर घट्ट होते आणि पुढे लाल गाळाबरोबर बाहेर जाते. सिलेन गट असलेले पॉलिमर अत्यल्प प्रमाणात मिसळूनही थराची वाढ रोखली जाते.

साचलेला थर कसा काढतात?

हीटर बंद करून, सोडा पूर्ण धुऊन काढल्यावर सौम्य सल्फ्युरिक आम्ल फिरवतात. नळ्यांचे पोलाद झिजू नये म्हणून त्यात गंजरोधक घालतात. आम्लाला दाद न देणाऱ्या थरासाठी उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा वापरतात. थंड टाक्यांतील थर मुख्यतः ॲल्युमिना हायड्रेटचा असतो. तो गरम, तीव्र कॉस्टिकमध्ये विरघळतो.

धोका कुणाला?

सफाई कामगारांना. थरामागे दडलेला कॉस्टिक सोडा त्वचा आणि डोळे जाळतो. उरलेल्या सोड्यावर आम्ल पडल्यास प्रचंड उष्णता निर्माण होते. आम्ल व पोलाद यांच्या संपर्काने ज्वालाग्राही हायड्रोजनही तयार होतो. म्हणूनच थर मुळात साचू न देणे हा केवळ इंधनबचतीचा प्रश्न नाही. जितक्या कमी वेळा सफाई, तितक्या कमी वेळा माणसाचा जीव धोक्यात.